माइकवाल्या बाईचं मौन

यवतमाळच्या बसस्टँडसमोरच्या ओळीत पंचफुलाबाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. एके काळी तिथे पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. अपंग माणसाला तेव्हा बूथच मिळायचा. पाय गेला की माणसाला फोन फार छान लावता येतो, असं सरकारला कुणीतरी सांगितलं असावं. पुढे खिशाखिशात मोबाइल आले, बूथ गेला, पाटी राहिली. ती उलटी करून बाईंनी तिच्यावर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज' असं रंगवून घेतलं. आता रिचार्जलाही कोणी येत नाही. शब्द मात्र अजून आहे, कारण तो पुसायचा तर स्टुलावर चढावं लागतं, आणि पंचफुलाबाई कशावरच चढत नाहीत.

डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, काखेत कुबडी, वय पन्नाशीपुढचं. तरी गावात त्यांना पायावरून कोणी ओळखत नाही, आवाजावरून ओळखतात. 'माइकवाली बाई' म्हटलं की रिक्षावाला थेट दुकानासमोर आणून सोडतो. जयंती असो, महिला मेळावा असो, कुणाचा निरोप समारंभ असो, सूत्रसंचालनाला पंचफुलाबाई. हा आवाज त्यांना वडिलांनी दिला. घाटंजी तालुक्यातल्या त्यांच्या गावी भीमराजबाबा पोरीला खांद्यावर बसवून शाळेत नेत. जयंतीच्या मिरवणुकीत सगळी पोरं चालत, ही ओट्यावर बसून बघत राही. एका वर्षी बाबांनी तिला सरळ भोंग्याच्या माइकपुढे नेऊन बसवलं. म्हणाले, "पाय चालत नाई त नाई, तुहं तोंड त चालते. चालव."

तेव्हापासून तोंड चालत आलं. आणि एवढ्या वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. घरी बायकोचं न ऐकणारा, कचेरीत साहेबाचं न ऐकणारा माणूस माइकचं ऐकतो. 'कृपया पुढे यावे' म्हटलं की शर्ट खाली ओढत पुढे येतो, 'स्थानापन्न व्हावे' म्हटलं की बसतो. काहून म्हणून कोणी विचारत नाही.

दरवर्षी तीन डिसेंबरला गावातल्या सार्वजनिक सभागृहात दिव्यांग दिन होतो. पंचफुलाबाई त्यात आल्या तेव्हा त्याला अपंग दिन म्हणत. नाव बदललं, पायऱ्या त्याच राहिल्या. सभागृहाच्या व्यासपीठाला पाच पायऱ्या आहेत, चांगल्या गुडघ्याएवढ्या उंच, आणि धरायला कठडा नाही. सत्कार वर, नाच-गाणी वर, फोटो वर. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ती माणसं खाली. त्यावर उत्सव समितीनं काढलेला तोडगा म्हणजे पोरं. छातीवर फीत लावलेली चार धट्टीकट्टी पोरं पायऱ्यांशी उभी असत. नाव पुकारलं की ती खुर्चीसकट माणूस उचलत, लोक टाळ्या वाजवत, फोटोवाला 'इकडे बघा' म्हणे. उचललेल्या माणसानं हसायचं, असा रिवाज होता.

पंचफुलाबाई मात्र एकदाही वर गेल्या नाहीत. त्यांचा माइक खाली, पायऱ्यांच्या शेजारी. कोणी विचारलं तर म्हणत, "इथून साऱ्या सभागृहावर नजर राहते." खरं कारण असं की त्यांना कोणी पोत्यासारखं उचललेलं चालत नव्हतं. चाकाची खुर्ची चढेल अशी उतरण करा, उतरण करा, म्हणून त्या दर वर्षी सांगत आणि 'पुढच्या वर्षी नक्की' ऐकून घरी येत. रोज मरे त्याला कोण रडे, तसं झालं होतं. अलीकडे तर सांगायचाही कंटाळा आला होता. अंगातली ताकद कामानं जात नाही तेवढी तेच ते बोलण्यानं जाते.

माइक धरायचं हे वर्ष शेवटचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण जाण्याआधी एक काम करायचं होतं, ते म्हणजे खुशीला पुन्हा गायला आणायचं.

खुशी दारव्ह्याकडच्या एका खेड्यातली, कॉलेजच्या वयाची पोरगी. कंबरेखाली पाय नुसते नावाला. आवाज असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम ठेवून द्यावं. मागच्या वर्षी पंचफुलाबाईंनीच तिला बोलावलं, त्यांनीच माइकवर तिचं नाव पुकारलं. पोरांनी खुर्ची उचलली. तिसऱ्या पायरीवर एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली, खुशीची सलवार गुडघ्याच्या वर सरकली. तिचे दोन्ही हात खुर्ची धरण्यात गुंतलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोरांनी सावरलं. सायंकाळपर्यंत त्या क्षणाचा फोटो गावभराच्या मोबाइलांत फिरला. खाली कुणीतरी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. पोरीचे काटकुळे पाय सगळ्या जिल्ह्यानं पाहिले आणि वर कौतुकही केलं. त्यानंतर खुशीनं घर सोडलं नाही आणि तोंडातून गाणंही काढलं नाही.

दिवाळीनंतर पंचफुलाबाई काळीपिवळी जीपमध्ये माणसांच्या गर्दीत कुबडी आडवी धरून दारव्ह्याला गेल्या, तिथून ऑटोनं खेड्यात. खुशीची आई लीलाबाई वावरातून कापूस वेचून नुकतीच आली होती. खुशी ओसरीवर बसून तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मावशी, मी येत नाई."

"काहून?"

"तुमाले माईत हाय काहून. मागच्या साली बी तुम्हीच बोलावलतं मले."

पंचफुलाबाईंना हे झोंबलं, कारण ते खरं होतं. त्या ओसरीच्या कडेला टेकल्या, कॅलिपरची कडी सोडून पाय लांब केला आणि बराच वेळ तूर निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "या खेपेस उतरण होऊन राह्यली. लाकडाची. मी सोता पक्कं केलं. तुह्या खुर्चीनं तू जाशीन, तुह्या हातानं. कोणी उचलणार नाई तुले."

"अन् उचललं त?"

"त माहं नाव पंचफुला नाई."

खुशीनं सुपातला एक खडा काढून अंगणात फेकला. "अन् कोणी पाह्यचं नाई माह्या पायाकडं," ती म्हणाली. हे आपल्या हातात नाही हे पंचफुलाबाईंना ठाऊक होतं. तरी त्या "नाई पाहणार" म्हणून गेल्या. थकलेला माणूस कधी कधी असं हातातलं नसलेलंही देऊन बसतो.

तीन डिसेंबरला सकाळी त्या सगळ्यांच्या आधी सभागृहात पोचल्या. उतरण खरोखरच लागली होती. जाड फळ्यांची, लांब, बेताच्या चढाची. पंचफुलाबाईंनी कुबडीनं ठोकून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा आपणही वर जाऊन माइक धरावा की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग बाहेर गाड्या येऊ लागल्या, घाटंजीहून, राजूरहून माणसं उतरू लागली, तशा त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कुणाला पाणी दाखव, कुणाची खुर्ची आत घे, यात सकाळ गेली.

परत येऊन पाहतात तर उतरण नाही. पायऱ्या पुन्हा उघड्या पडलेल्या, आणि व्यासपीठ मात्र पुढे चांगलं हातभर-दोन हात वाढलेलं. त्यावर लाल गालिचा, गालिच्यावर सोफे.

"संजयभाऊ!" त्यांचा आवाज माइकशिवायही सभागृहभर गेला. समितीचा व्यवस्थापक संजय हार मोजता मोजता आला.

"ताई, पाहुणे वाढले नं. ऐन वक्तावर अजून तिघं जण आले. सोफे मावत नव्हते. मंडपवाल्यानं समोरून वाढवून देलं."

"कशानं वाढवलं?"

संजयनं डोकं खाजवलं. "फळ्या तेवढ्याच होत्या नं ताई. दुसऱ्या कोठून आणाव?"

"म्हणजे आमच्या उतरणीवर पाहुणे बसले."

"तसं नका म्हणू, ताई. खाली फळ्या हाय, वर त गालिचा हाय. अन् पोरं ठेवली नं मी उचलाले. या साली जिमवाले आणले."

पंचफुलाबाईंना ओरडायचं होतं. पण ओरडण्यासाठी जो श्वास लागतो तो आत सापडेना. त्या आपल्या माइकशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. फळ्या काढून घ्यायच्या तर सात सोफे, समई आणि कुंड्या खाली काढाव्या लागल्या असत्या, आणि पाहुणे दारात आले होते.

कार्यक्रम सुरू झाला. "ज्यांना शक्य आहे त्यांनी उभं राहावं, बाकीच्यांनी बसल्या जागी," असं सांगून त्यांनी राज्यगीत पार पाडलं. दीप लागला, हार झाले, भाषणं झाली. प्रत्येक पाहुण्यानं 'दिव्य' या शब्दाचा अर्थ नव्यानं सांगितला. खाली उन्हातून आलेली माणसं दिव्य होत होत पेंगली.

खुशी भाषणांच्या मध्येच आली. लीलाबाईंनी तिची खुर्ची बाजूच्या वाटेनं पायऱ्यांपर्यंत आणली. खुशीनं नवा निळा ड्रेस घातला होता, पायांवर शाल नीट खोचून घेतली होती. तिनं पायऱ्या पाहिल्या आणि मग पंचफुलाबाईंकडे पाहिलं.

"मावशी, उतरण कोठी हाय?"

पंचफुलाबाईंनी हनुवटीनं सोफ्यांच्या खाली दाखवलं. पोरगी हुशार, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या डोळ्यांत राग आला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पण तिथे नुसतं 'मला माहीत होतंच' असं होतं, आणि ते त्यांना फार लागलं. स्वतःच्या चेहऱ्यावर त्यांनी ते वर्षानुवर्षं आरशात पाहिलं होतं. या वयात पोरीच्या चेहऱ्यावर ते यायला नको होतं.

"खालूनच गाय, माय," त्या हळूच म्हणाल्या. "मी माइक देते तुले."

खुशीनं माइक घेतला, दोन ओळी गायल्या. मागून लगेच आरडाओरड सुरू झाली. "दिसत नाई हो!" "पोरीले वर घ्या!" "आमी काय भिंत पाह्याले आलो काय!" ओरडणारे कोणी परके नव्हते, आपलेच, कुबड्यांवाले, खुर्च्यांवाले. वर्षातून एक दिवस आपलं माणूस उंचावर दिसावं असं त्यांना वाटे, त्यात त्यांचं काय चुकलं? आणि त्या ओरडण्याचा मान ठेवून जिमवाली चार पोरं बाह्या सरसावत पुढे आली. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. सभागृहातले मोबाइल वर झाले.

खुशीनं दोन्ही चाकं घट्ट धरली. "मावशी, तुम्ही म्हटलं होतं."

"हो माय, म्हटलं होतं." पंचफुलाबाईंनी कुबडी आडवी धरून पोरांना थांबवलं. पोरं थांबली, पण किती वेळ थांबणार?

खुशी त्यांना जवळ ओढून कानाशी म्हणाली, "मी जाऊ शकतो वर. बसून-बसून, हातानं. घरी ओसरी चढतो तशी. मले कोणी नाई लागत. पण हे सारे पाहतीन नं. पाय घसटत जातीन माहे, ते पाहतीन."

पंचफुलाबाईंनी सभागृहावर नजर टाकली. एवढे डोळे. एवढे मोबाइल. त्यांनी खुशीच्या हातातला माइक घेतला. काय बोलायचं हे तोवर त्यांनाही माहीत नव्हतं. पण तोंडाला सवय होती; वडिलांनी चालव म्हटलं होतं ते अजून थांबलं नव्हतं.

"एक विनंती," त्या म्हणाल्या, आणि आवाज असा खाली उतरवला की मागचा गलका आपोआप बसला. "पुढे जाण्यापूर्वी... जे आज आपल्यात असायला हवे होते, आणि नाहीत... ज्यांची उणीव आपल्यातल्या प्रत्येकाला या क्षणी भासते आहे... त्यांच्यासाठी आपण दोन मिनिटं मौन पाळू या. ज्यांना शक्य आहे त्यांनी उभं राहावं. सर्वांनी मान खाली, डोळे मिटून. मोबाइल कृपया खिशात. मौन संपल्याचं मी सांगेन."

कोण गेलं, असं कोणी विचारलं नाही. अशा वेळी विचारत नाहीत. सोफ्यांवरचे पाहुणे उभे राहिले, हात पुढे बांधले, माना खाली घातल्या. फोटोवाल्यानं कॅमेरा छातीवर सोडला आणि डोळे मिटले. मूकबधिर शाळेच्या मुलांकडे पाहून पंचफुलाबाईंनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटून दाखवले. मुलांनी तसंच केलं. जिमवाली पोरं तर अशी कडक उभी राहिली, जशी शाळेच्या प्रार्थनेला. एवढ्या मोठ्या सभागृहात पंखे तेवढे फिरत होते.

पंचफुलाबाईंनी खुशीकडे एकदा बघितलं आणि आपलीही मान खाली घातली, डोळे मिटले.

शाल बाजूला पडल्याचा आवाज आला. मग खुर्चीचा ब्रेक. मग तळहात लाकडावर टेकल्याचा, बांगड्या वाजल्याचा, मागून कापड घासत गेल्याचा. थोडं थांबणं, श्वास. पुन्हा तळहात. आपल्याकडे दोन मिनिटांचं मौन एरवी पाऊण मिनिटात उरकतं. माणसाच्या जिवाला तेवढंच सोसतं. हे लांबलं. पाहुण्यांपैकी कुणाचा तरी गुडघा वाजला, कोणी खाकरलं, पण डोळे उघडायची हिंमत कोणाची झाली नाही. माइकनं अजून सांगितलं नव्हतं. पंचफुलाबाईंनी अंगाचा भार कुबडीवर घेतला. त्यांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं. पायऱ्या पाच आहेत, हे त्यांना पाठ होतं. पाचवी झाली. मग वरून, हळूच, घसा साफ केल्याचा आवाज आला.

"मौन संपलं," पंचफुलाबाई म्हणाल्या.

लोकांनी माना वर केल्या तेव्हा खुशी व्यासपीठाच्या मधोमध, लाल गालिच्यावर मांडी घातल्यासारखी बसलेली होती, ओढणी पायांवर पसरून, समोर पाहुण्यांचा माइक खाली ओढून घेतलेला. ती कशी आली हे कोणाला कळलं नाही, आणि विचारायच्या आत तिनं गाणं धरलं. तिच्या आजीच्या तोंडचं, कापूस वेचताना म्हणायचं. मागच्या रांगेतल्या माणसांना ती दिसत होती. ती गात असताना सभागृहात कोणी पेंगलं नाही.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे व्यासपीठाच्या कडेशी येऊन वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, गेलं कोण? म्हणजे भाषणात उल्लेख राहून गेला माझ्याकडून."

पंचफुलाबाई इतक्या दमल्या होत्या की माइक बंद करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"गेलं कोणी नाई, साहेब. आलंच नाई. उतरण."

हे सगळ्या सभागृहानं ऐकलं. क्षणभर खरोखरचं मौन झालं. मग तिसऱ्या रांगेतून खेमसिंगभाऊ मोठ्यानं हसले. खेमसिंगभाऊ तांड्यावरचे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे. आजारपणामुळे बरेच दिवस कुठे दिसले नव्हते, म्हणून मौन त्यांच्यासाठीच, असं धरून मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला होता. त्यांना हसताना ऐकून त्या बायका दचकल्या. पाहुण्यांनी गालिच्याकडे पाहिलं, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की, ताई." पंचफुलाबाईंनी मान हलवली. त्यात राग नव्हता. ओळखीच्या माणसाला वाटेत भेटल्यावर हलवतात तशी हलवली.

आता खुशीला खाली यायचं होतं. तिनं वरून डोळ्यांनी विचारलं, मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मावशी, आता कोणाले मारता?"

"आता मारा लागत नाई कोणाले." पंचफुलाबाईंनी माइक तोंडाशी नेला. "जेवणाची व्यवस्था सभागृहाच्या मागील बाजूस केली आहे. सर्वांनी भोजन करूनच जावे."

सगळ्या सभागृहानं पाठ फिरवली. श्रद्धांजलीला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्याही वेळात. पाहुणे मागच्या दारानं उतरले, जिमवाली पोरं वाढायला गेली, संजय पत्रावळी मोजायला. लीलाबाई खुर्ची धरून उभी राहिली. पंचफुलाबाईंना आता उभं राहवेना. त्या खालच्या पायरीवर टेकल्या, कॅलिपरची कडी सोडली आणि रीतीप्रमाणे मान खाली घालून डोळे मिटून घेतले.

वरून बांगड्या वाजल्या. मग थांबल्या.

"मावशी."

"हं."

"मघा तुम्ही पाह्यलं काय?"

"नाई व माय. म्हटलं होतं नं तुले."

मागे भांडी वाजत होती, कोणीतरी भाजी मागत होतं.

"आता पाहा," खुशी म्हणाली. "तुम्ही पाह्यलं त चालते."

पंचफुलाबाईंनी डोळे उघडले आणि पोरीला यायला जागा व्हावी म्हणून आपला पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.